पोटभाडेकरू

शाळेत आपण राजे शिकलो, लढाया शिकलो, तह शिकलो. तहांची कलमं घोकून घोकून पाठ केली. पण ज्या कागदावर तो तह लिहिला गेला त्या कागदाचा कोपरा पुढं कोणी कुरतडला, याबद्दल क्रमिक पुस्तकांनी सोयीस्कर मौन पाळलेलं आहे. माझं स्पष्ट मत असं की, मानवाच्या इतिहासात मानवाच्या बरोबरीनं कोणी धावपळ केली असेल तर ती उंदरानं. फरक इतकाच की माणसानं ती घोड्यावर बसून केली आणि उंदरानं फडताळाखालून.

तुम्ही म्हणाल, उंदराला कसला आलाय इतिहास? त्याला फार तर उपद्रव म्हणावं! म्हणा. पण इतिहासातून उपद्रव वजा केला तर खाली बाकी काय उरतं, याचा हिशेब एकदा मांडून बघा.

उंदीर आपल्या घरात कधी शिरला याचा शोध विद्वानांनी लावलेला आहे. पूर्वी अशी समजूत होती की, माणूस शेती करू लागला, घरात धान्य साठलं आणि त्या वासानं उंदीर आला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानं ही तारीख मागं ढकलली. जॉर्डन नदीच्या खोऱ्यात सुमारे १५,००० वर्षांपूर्वी काही शिकारी मंडळी भटकणं कमी करून एका जागी राहू लागली. शेतीचा अजून पत्ता नव्हता. पण तिथल्या मातीत उंदरांचे जे बारीक दात सापडले ते तपासल्यावर एक गंमत कळली. माणसं ठाण मांडून बसली की घरउंदीर वाढायचे. माणसं पुन्हा भटकू लागली की घरउंदीर घटायचे आणि रानातले त्यांचे भाऊबंद वरचढ व्हायचे. म्हणजे उंदीर धान्यामागून आला नाही, तो घरामागून आला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्याला उंदराचा त्रास नाही. ज्यानं चार भिंती उभ्या केल्या, त्याच्याकडं हा पोटभाडेकरू हजर! पागडी नाही, करार नाही, आणि भाडेनियंत्रण कायदा निघण्याच्या कितीतरी आधीपासून त्याला बाहेर काढणं अशक्य.

त्याला काढण्यासाठी माणसानं पहिला वकील नेमला तो मांजर. सायप्रस बेटावर ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं. एवढा मान मिळालेल्या मांजरानं त्या काळी काहीतरी काम निश्चित केलं असणार. आमच्या इमारतीत जी मांजरं आहेत त्यांच्याकडं पाहून ही परंपरा खंडित झाली असावी असं वाटतं. शेजारच्या घरचं मांजर डब्यातलं तयार खाणं खातं. समोरून उंदीर गेला तर ते डोळे किलकिले करून त्याला जाऊ देतं. निवृत्त पोस्टमास्तर नव्या पोस्टमनकडं बघतो तसं!

भाषेतही उंदीर असाच बिळं पाडत गेलेला आहे. संस्कृतात तो 'मूषक'. 'मुष्' म्हणजे चोरणं, या धातूशी आपले पंडित त्याचं नातं जोडतात. लॅटिनमध्ये तो 'मूस', इंग्रजीत 'माउस'. एवढ्या भाषांची कुंपणं ओलांडूनही गड्याचं नाव फारसं बदललं नाही. रोमन लोकांना दंडाचा फुगलेला स्नायू कातडीखाली पळणाऱ्या उंदरासारखा दिसला, म्हणून स्नायूला त्यांनी 'छोटा उंदीर' अशा अर्थाचं नाव दिलं आणि तेच इंग्रजीत 'मसल' झालं. मराठी माणसाला त्याच जागी बेडकी दिसली. आपल्या दंडांचा एकूण आकार पाहता आपली उपमा अधिक प्रामाणिक आहे.

इंग्रजाला घरातल्या चिमुकल्या उंदरासाठी एक शब्द लागतो आणि मोठ्यासाठी दुसरा. आपण दोघांनाही उंदीरच म्हणतो. आकार फारच वाढला तर घूस. (हिंदीत घूस म्हणजे लाच. दोन्ही पाया पोखरतात, तेव्हा भाषांतराची गरज नाही.) चिचुंद्रीला मात्र आपण उगीच या खानदानात ओढतो. ती मुळी उंदरांच्या जातीची नव्हेच. ती किडे खाणारी स्वतंत्र बाई आहे, केवळ शेजारामुळं बदनाम झालेली.

उंदरापासून घर कसं वाचवावं यावरचा आपल्याकडचा जुना आणि माझ्या मते सर्वांत शहाणा मजकूर पंचतंत्रात आहे. एक संन्यासी भिक्षेतलं उरलेलं अन्न पात्रात घालून खुंटीवर टांगतो. हिरण्यक नावाचा उंदीर उडी मारून ते रोज फस्त करतो. संन्यासी बिचारा रात्रभर बांबूनं पात्र बडवत बसतो. एकदा पाहुणा येतो. यजमान आपल्या बोलण्याकडं लक्ष न देता बांबू आपटतोय म्हणून आधी चिडतो, आणि मग खरं कारण कळल्यावर विचारतो, की या एवढ्याशा जिवात एवढी उंच उडी येते कुठून? त्याचं उत्तरही तोच देतो: याच्या बिळाखाली साठा असला पाहिजे. दोघं मिळून बीळ खणतात, साठा काढून घेतात, आणि त्या दिवसापासून हिरण्यकाची उडी खुंटीपर्यंत पोचत नाही. बांबू आपटू नका, साठा शोधा. एवढं एक वाक्य पुढच्या लोकांनी ध्यानात ठेवलं असतं तर बराच अनर्थ टळला असता. पण आपण बांबू आपटणाऱ्यांचे वंशज.

आमच्या घरात गेल्या पावसाळ्यात उंदीर आला तेव्हा घरातही हेच दोन पक्ष पडले. बेसनाच्या पिशवीला भोक पडलं, मग ओट्याखाली लेंड्या दिसल्या, मग तीन दिवाळी अंकांचे कोपरे गेले. (विनोदी अंकाला त्यानं तोंड लावलं नाही. यावर आमच्या घरात जी टीका झाली ती इथं देत नाही.) मुलं लहान असताना आम्ही त्यांना उंदीरमामा म्हणायला शिकवलं होतं. मुलांचा मामा म्हणजे माझा कोण, हा मुद्दा मी सौभाग्यवतींपुढं मांडून पाहिला.

"अहो, माझ्या माहेरावर जाण्याआधी बोहरी आळीत जा आणि पिंजरा घेऊन या," ती म्हणाली.

दुकानदारानं मला एकच प्रश्न विचारला, "साहेब, मारायचाय का धरायचाय?"

त्याच्या दृष्टीनं हा साधा व्यवहाराचा प्रश्न होता. मारायचा असेल तर स्प्रिंगचा चाप, विषाची पुडी, नाहीतर गोंदाचा पुठ्ठा. धरायचा असेल तर तारेचा पिंजरा. आत भजं लावायचं आणि सकाळी नाल्यापलीकडं सोडून यायचं. घरी आल्यावर भजं की खोबरं यावर चर्चा झाली. भजं ठरलं. रात्री भजं गेलं, उंदीर राहिला. पण माझ्या डोक्यात तो दुकानदाराचाच प्रश्न घोळत होता. मारायचा की धरायचा? यापलीकडं तिसरं काही नसतंच का?

आपल्या पुण्या-मुंबईच्या इतिहासात हा प्रश्न फार महाग पडलेला आहे, आणि तिथं हसण्यासारखं थोडंच आहे.

१८९४ हे उंदरांच्या दृष्टीनं मोठं गडबडीचं वर्ष. त्या वर्षी अमेरिकेत विल्यम हूकर यानं स्प्रिंगच्या चापाचं पेटंट घेतलं आणि त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये येरसँ या शास्त्रज्ञानं प्लेगचा जंतू शोधला. मेलेल्या उंदरांतही त्याला तोच जंतू सापडला. दोन वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईत मांडवीच्या वस्तीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा गाठीचा ताप म्हणजे प्लेग असल्याचं ओळखलं. मांडवी म्हणजे गोदीलगतची धान्याची पेठ. पोत्यांवर पोती, त्यांत उंदीर, आणि वरच्या मजल्यांवर दाटीनं राहणारी माणसं. आधी गुदामांत उंदीर मेले, मग माणसं.

सरकार कामाला लागलं. रोग घाणीत आहे, ओलीत आहे, कोंदट हवेत आहे, अशी पक्की समजूत. गटारांतून समुद्राचं पाणी आणि कार्बॉलिक सोडलं. घरांच्या छपरांची कौलं उतरवली, की ऊन आत यावं. भिंतींवर 'राहण्यास अयोग्य' अशा अर्थाची तीन इंग्रजी अक्षरं रंगवली. गटारात कार्बॉलिक आलं तेव्हा उंदरांनी काय केलं असेल? तुम्ही-आम्ही केलं असतं तेच. ते शेजारी राहायला गेले, आणि जाताना अंगावरच्या पिसवा घेऊन गेले. सरकारनं आपल्या खर्चानं रोगाचं बिऱ्हाड हलवलं. माणसंही लाखांनी शहर सोडून गेली. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईत ८ लाख २१ हजार माणसं होती. १९०१ मध्ये ७ लाख ७६ हजार. मुंबईची वस्ती कमी झाली, हे वाक्य आपल्याला आज विनोदी वाटतं. तेव्हा ते नव्हतं.

पुण्यात तर बांबू फारच जोरात आपटला गेला. १८९७ च्या मार्चपासून प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्या हुकमानं गोरे सोल्जर घराघरांत शिरू लागले. माजघर म्हणू नका, देवघर म्हणू नका. रोगी असल्याच्या नुसत्या संशयावरून माणसं छावणीत नेली, बायाबापड्यांची अप्रतिष्ठा झाली, सामान अंगणात टाकून जाळलं. त्याच मार्चच्या १० तारखेला प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढं चापेकर फासावर गेले, टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. हे सगळं आपण शाळेत शिकलो. न शिकलेली गोष्ट एवढीच, की एवढ्या झडतीत सोल्जरांनी पेट्या उघडल्या, अंथरुणं उलटली, माणसांच्या काखा तपासल्या, आणि ज्याच्यापायी हे चाललं होतं त्याच्या बिळात कोणी डोकावलं नाही.

आणि गंमत म्हणजे, लोकांना ते माहीत होतं! माझी आजी प्लेगच्या वर्षांत वाढली. प्लेग काही एका वर्षात गेला नाही. तो पुढं कित्येक वर्षं येत राहिला. तिच्या बोलण्यात साथ सुरू झाली असं कधी येत नसे. ती म्हणे, "त्या वर्षी उंदीर पडले." उंदीर पडला, म्हणजे आढ्यावरून मेलेला उंदीर टपकन खाली आला, की घरातल्या बायका डबे भरायच्या, पुरुष माळावर झोपड्या बांधायचे, आणि घराला कुलूप लावून सगळे रानात. कुठली कमिटी नाही, कुठला ठराव नाही. तिकडं कुमाऊँ-गढवालच्या डोंगरी खेड्यांतही उंदीर मरू लागले की गाव सोडायची रीत होती. हे अडाणी लोकांचं शहाणपण म्हणून कागदोपत्री नोंदवलं गेलं, आणि नोंदवून फायलीत ठेवलं गेलं. फाईल पुढं कोणी खाल्ली असेल हे सांगायला नकोच.

१८९८ साली पॉल-लुई सिमाँ नावाचा फ्रेंच डॉक्टर कराचीच्या एका हॉटेलात उतरला होता. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच. त्यानं एक आजारी उंदीर काचेच्या बरणीत ठेवला, आणि त्याला स्पर्शही होणार नाही असा जाळीच्या पिंजऱ्यात दुसरा धडधाकट उंदीर ठेवला. आजारी मेला, पिसवा उड्या मारून दुसऱ्यावर गेल्या, काही दिवसांनी तोही मेला. सोडवलं कोडं! सिमाँनं ते छापलं. पण सरकारी प्लेग कमिशननं पुरावा अगदीच लेचापेचा आहे म्हणून ते बाजूला सारलं. फ्रेंच माणसानं, तेही हॉटेलच्या खोलीत बसून, इंग्रज कमिशनच्या आधी उत्तर काढावं, हे शोभतं का?

पुढं १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत रीतसर प्रयोग झाले. हीच ती आपली हाफकिन संस्था. वॉल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली होती. तिथल्या संस्थेला त्यांचं नाव १९२५ साली मिळालं. परळच्या प्रयोगांत गिनीपिगांचे पिंजरे काही जमिनीलगत ठेवले, काही दोनेक फूट उंच टांगले. खालच्यांना प्लेग झाला, वरचे वाचले. कारण पिसवेची उडी चार-पाच इंचांची. हे वाचताना मी एकदम थांबलो. दोन फूट उंच टांगणं म्हणजे शिंकं! आजीच्या स्वयंपाकघरात दुधा-दह्याचं शिंकं वर्षानुवर्षं लटकत होतं. तिला कुणी विचारलं असतं तर कमिशनचा बराच भत्ता वाचला असता.

बांबू आपटण्याची आपली हौस मात्र गेली नाही. १९०२ साली हनोईत फ्रेंचांनी उंदीर मारणाऱ्याला बक्षीस लावलं. पुरावा म्हणून शेपटी आणून द्यायची. थोड्याच दिवसांत शहरात बिनशेपटीचे उंदीर हिंडताना दिसू लागले. लोक शेपटी कापून उंदीर सोडून देत. त्याला पुढं पोरं झाली पाहिजेत ना! काहींनी तर चक्क उंदीरपालन सुरू केलं. हिशेबाच्या बाबतीत आपणही मागं नाही. २०१८ च्या मार्चमध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत सांगितलं, की कागदपत्रांनुसार मंत्रालयात सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारले गेले. म्हणजे रोजचे पंचेचाळीस हजार. खुलासा असा आला, की हा आकडा उंदरांचा नसून विषाच्या गोळ्यांचा आहे. मला त्या खुलाशानंही समाधान वाटेना. एवढ्या गोळ्या खाऊन उंदीर किती मेले, हा आकडा कुठं आहे?

विषाची कथा तर आणखी मजेदार. अमेरिकेत सडलेलं गवत खाऊन गुरं रक्तस्राव होऊन मरत. त्या गवतातून शोध लागत लागत १९४८ साली वॉरफरिन हे उंदरांचं विष बाजारात आलं. पुढं डॉक्टरांच्या ध्यानात आलं की बेतानं दिलं तर हे रक्ताच्या गुठळ्यांवर उत्तम औषध आहे. १९५५ साली ते अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनाही दिलं गेलं. १९५८ साली स्कॉटलंडमध्ये असे उंदीर सापडले की ज्यांना हे विष बाधतच नव्हतं. म्हणजे उंदराला मारायला काढलेलं विष आज माणसं रोज जेवणानंतर घेतात, आणि काही उंदीर ते पचवून ढेकर देतात. युद्धात कोण जिंकलं हे ठरवायला आता कुठल्याही कमिशनची गरज नाही.

साठ्याचा धडा मात्र १९९४ साली आपल्याच बीड जिल्ह्यात पुन्हा मिळाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर भीतीपोटी मामला गावचे लोक घरांबाहेर राहू लागले. घरातलं धान्य घरातच. दाणा आत, माणूस बाहेर. उंदरांना याहून मोठं जावईपण कुठलं? पुढच्या ऑगस्टमध्ये तिथं उंदीर पडू लागले, आणि मग माणसांच्या गाठी सुजल्या. सप्टेंबरात सुरतेत साथ पसरली तेव्हा लोक गाड्या भरभरून पळाले, आणि त्या धास्तीपायी दूरदूरच्या शहरांतही औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन नाहीसं झालं. या वेळी हाताशी औषध होतं, म्हणून १८९७ झालं नाही.

तेव्हा दुकानदाराच्या प्रश्नाला मला तिसरं उत्तर सापडलं. ते हिरण्यकाच्या गोष्टीत होतं, आजीच्या शिंक्यात होतं, आणि कमिशनच्या जाडजूड अहवालांतही शेवटी तेच होतं: मारायचाही नाही, धरायचाही नाही, येऊ द्यायचा नाही. उंदराला आत यायला पेन्सिल जाईल एवढं भोक पुरतं. उंदरीण तीन आठवड्यांत पाच-सात पिल्लं घालते. या वेगानं चाप मारू शकेल असा कारखाना अजून निघालेला नाही. मग आम्ही सिंकखालचं भोक सिमेंट आणि तारेची जाळी घालून बुजवलं. बेसन, रवा, शेंगदाणे पिशव्यांतून काढून डब्यांत गेले. माळ्यावरचे पितळी डबे खाली आले. रात्री ओट्यावर खरकटं ठेवायचं नाही असा नियम झाला आणि तो मोडणारा मीच असेन असं गृहीत धरून नजर ठेवली गेली.

उंदीर गेला. कुठं गेला हे मी विचारलं नाही, कारण दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ परवा जिन्यात भेटले आणि म्हणाले, "काय हो, तो बोहरी आळीतला पिंजरा कितीला मिळाला?"

मी किंमत सांगितली आणि सोबत पंचतंत्रही सांगायला लागलो. पण ते घाईत होते. त्यांना बांबू हवा होता.